दगडाचा सातबारा



बोंडअळी, हरभऱ्याचा मर, तुरीचा शेंडा, या पानावर नेहमी हेच चालतं. आज जरा मागं जाऊ. आजा-पणजाच्या काळात नाही, त्याच्याही लय मागं. नांगर नव्हता, बैल गोठ्यात नव्हता, आणि माणूस डोंगरातल्या दगडाच्या आडोशाला राहायचा, तेव्हाच्या काळात.

मोर्शीच्या वर, सालबर्डीच्या अंगानं सातपुडा चढायला लागला की आपला अमरावती जिल्हा संपतो अन् बैतूल लागतो. तिथं धारूळ नावाचं गाव आहे. गाव मध्य प्रदेशातलं, पण डोंगर एकच, गाविलगडचा. धारूळच्या वरच्या डोंगरात आंबादेवीची गुफा आहे आणि लोकं तिथं दर्शनाला जातात. याच परिसरात 27 जानेवारी 2007 रोजी अमरावतीची काही मंडळी फिरत होती. डॉ. विजय इंगोले, पद्माकर लाड, प्र. सु. हिरुरकर आणि त्यांचे सोबती. यातलं कोणी पुरातत्त्व खात्याचं नव्हतं. इंगोले सर इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, बाकीचेही निसर्गाच्या नादानं रान तुडवणारे. त्या दिवशी त्यांना दगडाच्या भिंतीवर रंगवलेली चित्रं दिसली. जनावरं, माणसं, शिकारी.

दिसली तर दिसली, घरी येऊन चार लोकांना सांगितलं अन् विषय संपला, असं त्यांनी केलं नाही. सुटीच्या दिवशी, खिशातले पैसे घालून, ते पुन्हा पुन्हा गेले. पाच-सहा वर्षांत शंभराहून जास्त शैलाश्रय त्यांनी शोधले, म्हणजे माणूस बसू-झोपू शकेल असे दगडाचे आडोसे. फोटो काढले, टिपणं केली, खात्याला कळवलं, लेख लिहिले. मग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नंदिनी भट्टाचार्य-साहू यांच्यासारख्या अभ्यासकांनीही या डोंगराचं पद्धतशीर सर्वेक्षण केलं. आज भारतातल्या शैलचित्रांच्या नकाशावर आपल्या डोक्यावरचा हा डोंगर आहे, तो अशा फुकट राबणाऱ्या माणसांमुळं.

आता कोणी म्हणेल, त्याच्या आधी ही चित्रं कोणीच पाहिली नव्हती का? पाहिली असणारच. ढोरं चारणाऱ्यानं, मोहफुलं वेचणाऱ्यानं, मध काढणाऱ्यानं पाहिली नसतील असं कसं होईल? त्या डोंगरात कोरकू अन् गोंड पिढ्यानपिढ्या राहतात. फरक पाहण्याचा नाही, नोंदीचा आहे.

हे आपल्याला तर कोणी समजावून सांगायची गरज नाही. वावरात विहीर आहे, पाणी आहे, पण सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही. मंग वीज कनेक्शनला अडचण, कर्जाला अडचण. विहीर असून नसल्यासारखी. दगडावरच्या चित्राचंही तसंच आहे. जोवर कुठं, किती, कसं हे कागदावर येत नाही, तोवर खाणवाल्यासाठी तो नुसता दगड, रस्तेवाल्यासाठी नुसती खडी.

सापडलं, पण लिहिलं नाही

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 1867-68 साली आर्चिबाल्ड कार्लाइल नावाच्या इंग्रजानं मिर्झापूरकडच्या डोंगरात सोहागीघाटाला दगडावरची चित्रं पाहिली. ती फार जुन्या माणसांची आहेत हेही त्यानं ओळखलं. तोवर जगात कोणी असं म्हटलं नव्हतं. पण कार्लाइलनं ते छापलंच नाही. टिपणं एका मित्राकडं राहिली आणि व्हिन्सेंट स्मिथनं ती छापेपर्यंत 1906 साल उजाडलं.

मधल्या काळात स्पेनमध्ये काय झालं? अल्तामिरा नावाच्या गुहेचं तोंड 1868 च्या सुमारास एका कुळाला सापडलं होतं. दुसऱ्याच्या जमिनीत राबणारा माणूस, सोबत शिकारी कुत्रं. पुढं 1879 मध्ये जमिनीचे मालक सौतुओला आपल्या आठ वर्षांच्या पोरीला घेऊन त्या गुहेत गेले. बाप खाली मान घालून माती उकरत बसला, पोरीनं वर पाहिलं अन् तिला छतावर बैल दिसले. खरं तर रानगवे. सौतुओलानं दुसऱ्याच वर्षी पुस्तिका छापली. मोठमोठ्या पंडितांनी त्याला खोटं पाडलं, ही चित्रं हल्लीच कोणाकडून काढून घेतली म्हणाले. 1888 मध्ये तो गेला, आणि 1902 मध्ये त्याच पंडितांपैकी एकानं जाहीर लिहून चूक कबूल केली. पण कागद होता, म्हणून त्याचं नाव राहिलं. आज जगभर पहिला शोध म्हणून अल्तामिराचं नाव घेतात, सोहागीघाटाचं कोणी घेत नाही.

आपल्या देशात हे काम पुढं रेटलं ते वि. श्री. वाकणकरांनी. निमचला जन्मलेला, उज्जैनला राहणारा मराठी माणूस, हाताचा चित्रकार. 1957 मध्ये रेल्वेतून जाताना खिडकीतून वेगळ्या आकाराचे खडक दिसले, तर त्यांचा माग काढत ते तिथं चालत गेले. ते भीमबेटका. भोपाळजवळचं हे ठिकाण 2003 मध्ये जागतिक वारसा झालं. वाकणकरांनी आयुष्यभर शेकडो ठिकाणची चित्रं हातानं उतरवून घेतली. आज काही ठिकाणी मूळ रंग फिका झाला असेल, कागदावरची रेघ शाबूत आहे.

कापसाचा साहेब आणि दगडातल्या वाट्या

आता एक गोष्ट सांगतो जी कापूस पिकवणाऱ्यानं ऐकलीच पाहिजे.

1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धानं मँचेस्टरचा कापूस तुटला अन् इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी त्यांनी एक कापूस कमिशनर नेमला, हॅरी रिव्हेट-कार्नाक. खामगावच्या बाजारात किती गाठी आल्या, भेसळ किती, रस्ता कुठं पाहिजे, याचे रिपोर्ट हा माणूस लिहायचा. 1870 मध्ये खामगावची रेल्वे फाटा-लाइन सुरू झाली तो हाच काळ. तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यातच होतं.

या कापसाच्या साहेबाला दगडाचा नाद होता. नागपूरजवळ जुनापाणीला मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. मेलेल्या माणसांसाठी लोहयुगातल्या लोकांनी रचलेली. त्यानं काही वर्तुळं खोदली, आत भांडी अन् लोखंडी वस्तू मिळाल्या, आणि 1879 मध्ये त्यानं त्यावर लेख छापला. त्या धोंड्यांवर ओळीनं कोरलेले वाटीसारखे छोटे खळगे आहेत, हे त्यानं टिपून ठेवलं. त्याआधी 1877 मध्ये कुमाऊंच्या डोंगरातल्या दगडांवरचे असेच खळगे पाहून त्यानं लिहिलं होतं, की इंग्लंड-स्कॉटलंडातल्या दगडांवरही असेच खळगे आहेत.

त्याचे अर्थ आज कोणी तसेच्या तसे मानत नाही. पण त्यानं जागा, आकार, रांगा लिहून ठेवल्या हे कामाचं. कारण विदर्भातली अशी कितीतरी शिळावर्तुळं नंतर वावरात गेली, रस्त्यात गेली, घराच्या पायव्यात गेली. जी गेली पण लिहिलेली होती, त्यांच्याबद्दल आज दोन शब्द बोलता येतात. जी न लिहिता गेली, ती होती हेच कोणाला माहीत नाही.

आणि इंग्लंडमधल्या त्या खळग्यांचं पुढं काय झालं? नॉर्थम्बरलँड नावाच्या जिल्ह्यात स्टॅन बेकेन्सॉल नावाचा शाळामास्तर 1960 च्या दशकापासून मेंढरांच्या कुरणांमधून हिंडत तसे दगड शोधत अन् त्यांची चित्रं काढत राहिला. चाळीस वर्षांचं सगळं काम त्यानं न्यूकॅसलच्या विद्यापीठाला देऊन टाकलं. त्याच पायावर 2004 ते 2008 या काळात सरकारी मदतीनं तिथं गावोगावचे स्वयंसेवक तयार केले. रिटायर्ड माणसं, घरच्या बाया, नोकरीवाले. त्यांना शिकवलं, फॉर्म दिले, आणि त्यांनी दगडन् दगड नोंदवला. म्हणजे हे काम साध्या माणसाला जमतं, हे सिद्ध झालेलं आहे. फक्त पद्धत पाहिजे.

कोकणात जे झालं

तेवढं लांब जायचीही गरज नाही. आपल्या राज्यातच रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली मोठमोठी चित्रं आहेत. तिकडं त्याला कातळशिल्प म्हणतात. सुधीर रिसबूड हे इंजिनिअर, पक्षी पाहायला फिरणारे. ते, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती गेल्या दहा-बारा वर्षांत गावागावात जाऊन म्हाताऱ्या माणसांना, गुराख्यांना विचारत हिंडले, की सड्यावर कुठं चित्रासारखं काही आहे का. माहिती लोकांच्या डोक्यात होतीच. कोणी त्याला पांडवांचं म्हणे, कोणी देवाचं. यांनी ती वहीत आणली. कशेळीला तर एकच हत्ती कोरलाय, सुमारे 18 मीटर लांब. आपल्या बंडीच्या दोन-तीन जोड्या शेपटापासून सोंडेपर्यंत उभ्या राहतील एवढा.

2022 मध्ये कोकणातली आठ अन् गोव्यातलं एक, अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीला चित्राभोवती जांभ्याची भिंत घातली आहे. बारसूच्या सड्यावर रिफायनरीचा वाद पेटला तेव्हा तिथल्या चित्रांचा मुद्दा पुढं आला, कारण ती आधीच नोंदलेली होती. नोंद नसती तर त्या वादात चित्रांचं नावही निघालं नसतं. गोव्यात कुशावती नदीच्या काठची उसगाळीमळची चित्रंही अशीच, गावकऱ्यांनी सांगितली म्हणून 1993 मध्ये खात्याला कळली.

आपल्याच डोंगरात काहून?

आपल्या जिल्ह्यातला बहुतेक दगड काळा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तोच झिजून आपली काळी माती झाली. पण सालबर्डी-बेलखेडच्या पट्ट्यात जमीन खालीवर सरकल्यामुळं त्या काळ्या दगडाच्या खालचा जुना वालुकाश्म उघडा पडला आहे. वालुकाश्माचा मऊ थर आधी झिजतो, वरचा कडक थर छपरासारखा पुढं राहतो. घराला ओसरी असते तसं. पाऊस लागत नाही, ऊन तिरपं येतं, समोर नाला. माणसाला राहायला हेच पाहिजे. आणि दगड फिक्या रंगाचा असल्यानं त्यावर गेरूची लाल रेघ उठून दिसते.

तो लाल रंग म्हणजे लोहाची माती, पांढरा म्हणजे चुनखडी-खडूसारखी माती. त्यात कोळसा नसेल तर कार्बनवरून वय निघत नाही. म्हणून अभ्यासक आजूबाजूच्या पुराव्यावरून वय ठरवतात. कोणतं चित्र कोणाच्या वर काढलंय, घोडेस्वार आणि तलवारी आहेत की नुसती हरणं अन् भाले, चित्राच्या खालच्या मातीत गारगोटीची बारीक हत्यारं मिळतात का. याचा अर्थ आडोशातली माती उकरली, तिथं चूल पेटवली, की चित्राला हात न लावताही त्याचं वय सांगणारा पुरावा जातो.

आणि हे फक्त डोंगराचं नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, आपल्या खारपाण पट्ट्यात, नदीनं कापलेल्या उंच दरडींमध्ये जुन्या जनावरांची हाडं अन् ज्वालामुखीच्या राखेचे थर भूशास्त्रज्ञांना मिळाले आहेत. अकोल्याकडच्या मंडळींनी डोंगर नाही म्हणून हे आपलं नाही असं समजू नये. रेतीचा जेसीबी जिथं चालतो तिथंच हे सगळं आहे.

धोका कोणाचा?

पाऊस-वारा, वाळवी, कुंभारमाशीची घरं हे तर आहेच. पण हजारो वर्षांत त्यांनी जेवढं नेलं नाही तेवढं माणूस एका दुपारी नेतो. फोटो चांगला यावा म्हणून चित्रावर पाणी मारतात. त्यानं रंग घडीभर उजळतो, पण दगडातले क्षार वर येऊन पांढरा थर बसतो. खडूनं रेघ गिरवतात. नावं कोरतात. देव समजून शेंदूर-तेल लावतात. यात भक्तीचा दोष नाही, पण शेंदूर नारळापाशी ठेवावा, चित्रावर नको. फ्रान्समध्ये लास्कोची गुहा 1940 मध्ये चार पोट्ट्यांना सापडली, 1948 मध्ये लोकांना खुली केली, अन् नुसत्या माणसांच्या श्वासानं भिंतीवर हिरवं चढलं म्हणून 1963 मध्ये बंद करावी लागली. आपले आडोसे उघडे आहेत म्हणून श्वासाचं भेव नाही, हाताचं आहे.

आपल्याला काय करता येईल

2021 पासून आपण ई-पीक पाहणी करतो. वावरात उभं राहायचं, मोबाईल धरायचा, जागेसकट पिकाचा फोटो. राजेहो, शैलचित्राच्या नोंदीची अर्धी विद्या हीच आहे. बाकीची अर्धी ही:

1. आधी लांबून पूर्ण दगडाचा फोटो, मग आडोशाचा, मग चित्राचा. नुसता जवळचा फोटो कामाचा नाही, तो कुठलाही असू शकतो.
2. चित्राच्या शेजारी, दगडाला न टेकवता, मोजपट्टी धरायची. अभ्यासक 10 सेंटीमीटरची रंगपट्टी वापरतात. आपल्याला पोराच्या कंपासपेटीतली पट्टी चालते.
3. लाइट मारायचा नाही, पाणी मारायचं नाही, हात लावायचा नाही. सकाळी किंवा सायंकाळी मऊ उजेडात काढायचा. रंग फिका असेल तर घाबरू नका. जॉन हरमन यांनी बनवलेलं डी-स्ट्रेच नावाचं सॉफ्टवेअर आहे, डोळ्याला न दिसणारा गेरू ते फोटोतून वर काढतं. म्हणून मूळ फोटो जपून ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवून बारीक झालेला नाही.
4. वहीत लिहा: तारीख, वेळ, आडोशाचं तोंड कोणत्या दिशेला, जवळचा नाला, गावकरी त्या जागेला काय नाव देतात. नाव विचारायचं विसरू नका. म्हाताऱ्या माणसासोबत ते नाव जातं.
5. खाली गारगोटीचे तुकडे दिसले तर फोटो काढा, खिशात घालू नका. जागेवरून हलला की तो पुरावा राहत नाही, गोटा होतो.
6. कळवा पुरातत्त्व खात्याला. आपल्या बाजूला नागपूरच्या कार्यालयाकडं, सीमेपलीकडचं असेल तर मध्य प्रदेशाकडं. लेखी, पोच घेऊन. जागेचा अचूक पत्ता मात्र फेसबुकवर टाकू नका. इथंही नको.

जंगल वनखात्याचं आहे, मेळघाटात तर वाघाचं. परवानगीशिवाय आत जाऊ नये, एकटं तर मुळीच नाही.

आता राहिली ती मनातली भीती. आपल्या वावरात असं काही निघालं तर सरकार वावर नेईल का? खूप जण याच भेवानं गप्प राहतात, अन् काही तर रात्रीतून धोंडा फोडून टाकतात. कायदा काय म्हणतो ते पाहा. 1958 च्या केंद्राच्या कायद्यात 100 मीटरपर्यंत बांधकामबंदी अन् त्यापुढं 200 मीटरपर्यंत परवानगीचं बंधन आहे, पण ते राष्ट्रीय संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळापुरतं. नुसतं चित्र सापडलं किंवा तुम्ही कळवलं म्हणून ते लागू होत नाही. जाहीर करायच्या आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस काढावी लागते आणि त्या मुदतीत मालकाला हरकत घेता येते. म्हणजे तुमचं म्हणणं मांडायला जागा आहे. कोकणातली कितीतरी कातळशिल्पं आजही खासगी जमिनीत आहेत आणि मालकांच्या संमतीनं जपली जातात. पण बंधन लागलं तर मालकाला मोबदला अन् गावाला रोजगार मिळाला पाहिजे, हे आपण ठासून मागावं. जपायचं सगळ्यांनी अन् झळ एकट्या शेतकऱ्याला, हे बरोबर नाही.

पुरातत्त्व खात्याची माणसं मोजकी, डोंगर अफाट. खात्याचा साहेब वर्षातून एकदा येईल. ढोरकी रोज जातो, मजूर रोज जाते, आपण रोज जातो. अल्तामिराच्या कुळापासून धारूळच्या डोंगरात फिरणाऱ्या मंडळींपर्यंत, शोध लागला तो पायी चालणाऱ्या माणसाला. टिकला तो लिहिणाऱ्यामुळं.

दिवाळीनंतर कापूस वेचणीला आणि हरभरा पेरणीला माणूस मिळत नाही, ते मला माहीत आहे. पण संक्रांतीनंतर एखादा रविवार मोकळा निघतो. तेव्हा गवत वाळलेलं असतं, दगड उघडा असतो, नाले उतरलेले असतात. तुमच्या गावच्या जुन्या ढोरक्याला फक्त एवढं विचारा: बाबा, डोंगरात कुठं दगडावर काही काढलेलं पाहिलं का? तो जे सांगेल ते आधी वहीत लिहा, त्याच्या नावासकट. शोध त्याचाच आहे.